दाढ काढण्यापूर्वीची नऊ कलमे

खालच्या जबड्यातील शेवटची दाढ काढावी की राहू द्यावी, या एका प्रश्नावर मी जेवढा कागद खर्च केला, तेवढा चांद्याच्या कचेरीतील एखाद्या वकिलानेही एका पक्षकारासाठी केला नसेल. पत्रे लिहिणे हा माझा दुसरा व्यवसाय आहे, असे माझी पत्नी म्हणत असे. पहिला कोणता, हे ती कधी स्पष्ट करीत नसे. मी कोणाकोणाला पत्रे लिहिली ते येथे सांगत नाही. त्यांपैकी काही प्रकरणे माझ्या मते अजून मिटलेली नाहीत. एकच उदाहरण देतो. आठवडी बाजारात रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून रोग्याच्या तोंडात धूर धरणारे वैदू त्या काळी सर्वत्र बसत. धूर देऊन झाला की खालच्या पाण्याच्या वाटीत पांढरे बारीक किडे तरंगताना दिसत, व दाताची कीड निघाली म्हणून रोगी समाधानाने घरी जाई. ते किडे म्हणजे उष्णतेने फुटून बाहेर पडलेले त्याच बियांचे गर होते. मी ते एका बाटलीत घातले, बाटली मोहोरबंद केली आणि सविस्तर निवेदनासह जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे रवाना केली. उत्तर आले नाही. बाटलीही परत आली नाही.

सांगण्याचा मुद्दा असा, की मी रागीट मनुष्य होतो व आहे. आणि माझा राग नेहमी मुद्देसूद राहिला आहे. १९५० नंतरच्या त्या दशकात चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, तटाच्या आत, एका अरुंद गल्लीत माझा दातांचा दवाखाना होता. एक खुर्ची, पायाने चालवायचे दात कोरण्याचे यंत्र, उकळत्या पाण्याचे भांडे आणि भिंतीवर माझे नोंदणीपत्र. ते नोंदणीपत्र मी मुद्दाम खुर्चीत बसलेल्याच्या नजरेसमोर लावले होते, जेणेकरून तोंड उघडण्यापूर्वी त्याने ते वाचावे. बहुतेकांना वाचता येत नसे. ते त्याला नमस्कार करीत.

ज्यांचा या व्यवसायाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण करतो. माणसाला सतराव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत केव्हातरी चारही कोपऱ्यांत एकेक शेवटची दाढ येते. लोक तिला अक्कलदाढ म्हणतात. वरच्या दोन सहसा तक्रार करीत नाहीत. खरा तंटा खालच्यांचा. त्या येतात तेव्हा जबड्यातली जागा संपलेली असते. मग एखादी आडवी पडते, एखादी अर्धीच वर येते आणि तिच्यावर हिरडीचा एक पदर तसाच राहतो. त्या पदराखाली भाताचे शीत, तंबाखूची काडी, जे सापडेल ते साचते. हिरडी सुजते, पू होतो, जबडा आखडतो. आठ दिवसांत ते आपोआप बरे होते आणि दोन महिन्यांनी पुन्हा होते. अशा वेळी दाढ काढली तर प्रश्न कायमचा मिटतो. परंतु तिच्या मुळांच्या अगदी खालून, जबड्याच्या हाडातून, ओठाला व हनुवटीला संवेदना पुरवणारी नस जाते. काढताना ती दुखावली तर तेवढा भाग बधिर होतो. कधी महिनाभर, कधी जन्मभर. मुळे नसेपासून किती दूर आहेत हे क्ष-किरण चित्रातच दिसते, आणि दाताचे असे चित्र काढण्याचे यंत्र त्या काळी आमच्या अवघ्या जिल्ह्यात नव्हते. नागपूरला जावे लागे. दाढ दुखते म्हणून नागपूरला जाणारा मनुष्य मी फारसा पाहिला नाही.

व्यवसायाच्या आरंभी वरोऱ्याच्या एका कापूस-दलालाची अशी दाढ मी काढली. त्यांचा ओठ बधिर झाला तो पुन्हा जागा झाला नाही. त्यांनी वकिलामार्फत मला नोटीस पाठवली. मी त्या नोटिशीला परिच्छेदवार उत्तर दिले व प्रकरण तेथेच थांबले. परंतु त्यानंतर मी एक संमतिपत्र तयार केले. नऊ कलमांचे, एका फुलस्केप कागदावर, शेवटी सही अथवा अंगठ्यासाठी जागा. त्यातील सहावे कलम येथे देतो:

‘उक्त दाढ काढीत असता अथवा तदनंतर खालचा ओठ व हनुवटी यांची संवेदना अंशतः वा पूर्णतः, तात्पुरती वा कायमची नष्ट होण्याचा संभव असून त्याची जाणीव मला देण्यात आली आहे.’

ही जाणीव मी कशी देत असे? हेच कलम वाचून.

त्या कागदाचा मला अभिमान होता हे मी लपवीत नाही. निर्णय रुग्णाचा, दाढ रुग्णाची, जबडा रुग्णाचा. मी केवळ त्याचे अज्ञान दूर करणारा व पकड चालवणारा. हे तत्त्व मला अत्यंत स्वच्छ वाटे. चांद्याच्या बाजारातले एक वयस्क शिंपी, हुसेनभाई, यांनी तो कागद घरी नेला आणि आठ दिवसांनी समासात दुरुस्त्या सुचवून परत आणला. चौथ्या कलमातील ‘अपरिहार्य’ हा शब्द त्यांना मान्य नव्हता. “अपरिहार्य है ये कौन ठहरायेगा डाक्टरसाब, आप या मैं?” असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो बिनतोड होता. दोन वर्षे आमची कलमवार चर्चा चालली. दरम्यान त्यांची दाढ दुखायची थांबली. हुसेनभाईंइतका समाधानी रुग्ण मला पुन्हा मिळाला नाही. इतरांची हरकत निराळी असे. दाढ काढली की डोळ्यांची नजर जाते, हा समज चांद्यापासून पार सिरोंच्यापर्यंत पसरलेला होता. त्याविरुद्ध मी हस्तपत्रके छापली. ती वाचण्यासाठी लोक चष्मा मागत, आणि चष्मा का लागला असे विचारले तर दाढ काढल्यामुळे असे सांगत.

आता ज्या प्रकरणासाठी हे लिहावयास घेतले त्याकडे वळतो.

आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्या सुमाराची ही गोष्ट. पौषातली थंडी होती. धानाची मळणी आटोपली होती. सिंदेवाहीच्या पलीकडच्या एका गावाहून तीन माणसे अरुंद रुळांच्या लहान रेल्वेने आली. गावाचे नाव लिहीत नाही, कारण त्यासाठी मी कोणाची परवानगी घेतलेली नाही. रुग्ण होता कवडू, वय बावीसच्या आसपास, अंगाने सडपातळ, डावा गाल पुरीसारखा फुगलेला. त्याच्याबरोबर त्याची आई बायजाबाई, आणि गावच्या नाटक मंडळाचे प्रमुख लटारी पाटील.

“रात्रभर लेकरू कन्हत राह्यते जी,” बायजाबाई म्हणाली. “काढून टाका.”

“आता नोका काढू,” लटारी पाटील म्हणाले. “आजपासून बाराव्या दिवशी आमचा शंकरपट आहे. त्याच दिवशी नाटक. कवडू राणीचं काम करते. नाटक झालं का मंग काढा, दोनी बाजूच्या काढा, गावाची हरकत नाई.”

बाहेरच्या वाचकांना सांगितले पाहिजे की शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, व आमच्या जंगलभागात, म्हणजे झाडीपट्टीत, ज्या गावी शंकरपट त्या गावी नाटक हे ठरलेलेच. पाहुण्यांनी घरे भरतात, मुलामुलींची लग्ने जमतात. स्त्रियांची कामे पुरुष करीत. तालीम सुरू होताना ज्याच्या नावाने ज्या कामाचा नारळ फुटला, ते काम त्याचेच. मध्येच दुसऱ्याला देत नसत.

मी विचारले, “दाढ कोणाची आहे?”

“कवडूची,” पाटील म्हणाले.

“मग गावाच्या हरकतीचा प्रश्न येतो कोठून?”

“काम गावाचं आहे ना जी.”

कवडू गालाला हात लावून बसला होता. त्याला बोलताच येत नव्हते. त्याचे तोंड जेमतेम एक बोट जाईल इतके उघडत होते. मी पाहिले: खालची डावी दाढ अर्धी वर आलेली, पुढे कललेली, हिरडीचा पदर लाल व फुगलेला, आणि वरची दाढ प्रत्येक वेळी त्याच पदरावर आपटणारी. पू असताना अशी दाढ मी काढीत नसे. विष घशाकडे उतरले तर माणूस गुदमरतो. तसे मी सांगितले. दोन्ही पक्ष नाराज झाले, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे हे योग्य निर्णयाचे लक्षण असते.

तीन दिवस ते धर्मशाळेत राहिले. शेजारच्या डॉक्टरांकडून पेनिसिलिनची इंजेक्शने दिली. मी सकाळ-संध्याकाळ पदराखाली कोमट मिठाच्या पाण्याची पिचकारी मारीत होतो. चौथ्या दिवशी सूज उतरली, तोंड दोन बोटे उघडू लागले, आणि खरा प्रश्न समोर आला. आता दाढ काढता येत होती. काढली तर पाच-सहा दिवस गाल सुजणार, जबडा आखडणार आणि नाटकापर्यंत सारे निभावेल की नाही सांगता येत नव्हते. ओठाची जोखीम वेगळीच. न काढली तर पुन्हा केव्हाही उसळणार, कदाचित नाटकाच्या दिवशीच, आणि तेथून जवळचा दवाखाना लहान गाडीच्या वेळापत्रकावर अवलंबून.

मी कवडूच्या हाती संमतिपत्र दिले. त्याला लिहिता-वाचता येत होते. नाटकाची वही तोच उतरवीत असे. मी म्हणालो, “घरी जा. नीट वाच. विचार कर. परवाच्या गाडीने ये. काढायची असेल तर खाली सही कर, नसेल तर कोरा कागद परत आण. कोणाच्या दडपणाखाली येऊ नकोस. तू सज्ञान आहेस.”

त्याच दिवशी मी लटारी पाटलांना नोंदणीकृत डाकेने एक पत्र पाठवले. त्याची प्रत माझ्याजवळ आहे. ‘आपण एका सज्ञान नागरिकाच्या जबड्यावर सामुदायिक हक्क सांगत आहात. अशा हक्कास कोणत्याही कायद्यात आधार असल्याचे माझ्या पाहण्यात नाही,’ असे त्यात एक वाक्य आहे. ते वाक्य मला त्या वेळी फार आवडले होते.

तिसऱ्या दिवशी तिघे पुन्हा आले. पाटलांनी कोटाच्या खिशातून संमतिपत्र काढून माझ्यासमोर टेबलावर पसरले. पत्र पोचल्याचे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हते. मी कागद पाहिला. नवव्या कलमाच्या खाली, समासांत, पाठीमागे, जेथे जागा होती तेथे निळ्या शाईचे अंगठे उठलेले होते. ओळीने, दाटीने. काही लहान, काही रुंद, काही घासलेले. फक्त पहिल्या कलमाच्या वर, कागदाच्या डोक्यावर, रुपयाएवढी एक जागा कोरी होती.

“हे काय आहे?” मी विचारले.

“अंगठे जी.”

“ते मला दिसते. कोणाचे?”

“गावाचे. निस्ताराच्या अर्जाले देतो तसे. जंगलातून बांबू, सरपण आणाचा हक्क मांगतो त्या अर्जाले. एकट्याचा अंगठा पाह्यला का सायब लोक अर्ज बाजूले ठेवते. म्हून सगळ्याईनं देल्ले.”

मी किती संतापलो ते आज लिहिण्याने कोणाचाच फायदा नाही. खुर्चीवर बसण्यापूर्वी मला एक पेला पाणी प्यावे लागले. नऊ कलमे मी एका माणसाच्या स्वातंत्र्यासाठी लिहिली होती, आणि तेच स्वातंत्र्य गावाने शाईत बुडवून एकत्र उमटवले होते. मी शक्य तितक्या शांतपणे विचारले, “आणि कवडूची सही?”

कवडू पुढे वाकला आणि त्याने तिसऱ्या ओळीवर बोट ठेवले. “हा माहा. मंधातला.”

“तुला सही करता येते.”

“येते जी. पण सगळे अंगठा देऊन राह्यले होते, मी एकटाच सही करू का?”

“आणि ही वरची जागा कोणासाठी सोडली आहे?”

“ते तुमची,” बायजाबाई म्हणाली.

“माझी?”

“सांगणाराचा अंगठा पयले असते.” ती माझ्याकडे असे पाहत होती, की एवढे शिकलेल्या माणसाला एवढेही ठाऊक नसावे याचे तिला नवल वाटत असावे. “आमच्या इथी असं आहे भाऊ. बैल इकाचा असो, दुखणेकरी दवाखान्यात न्याचा असो, ज्याले त्यातलं कळते त्याले इचारतो. तो सांगते. मंग ते काम निपटेवर तो संग राह्यते, चांगलं होवो का वाईट होवो. आमाले दातातलं कळत नाई. तुमाले कळते. पण तुमी तं सांगतच नाई. नुसतं वाचून दावता.”

मी म्हणालो, “बाई, निर्णय रुग्णाने घ्यायचा असतो. मी तो लादू शकत नाही. तो कायद्याचा प्रश्न आहे.”

“कायदा काऊन मंधात आणता? मी तुमाले इचारून राह्यली.”

पाटील छताकडे पाहत होते. कवडूने घसा साफ केला. त्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला; बायकी नव्हे, पण वरच्या पट्टीतला, स्वच्छ.

“सायब, त्या सहाव्यात ओठाचं लिवलं आहे. मंग ओठ हालन नाई का? बोलता येईन का नाई? गाणं?”

दोन दिवस ते सर्व गाव हे वाक्य वाचीत होते, आणि त्याचा अर्थ राणी मुकी होईल असा घेत होते.

“ओठ हलेल,” मी म्हणालो. “बोलशील, गाशील. फक्त त्या जागेला स्पर्श कळणार नाही. चहा ओठावरून ओघळला तर लोकांना आधी दिसेल, तुला मागून.”

“हे त्याच्यात काऊन नाई लिवलं?”

मी सहावे कलम पुन्हा वाचू लागलो.

“तुमच्या हातानं असं झालं कोणाले?”

“झाले आहे. दोघांना. एकाला काही महिन्यांनी पुन्हा कळू लागले. एकाला नाही.”

हे मी आजवर कोणाही रुग्णाला सांगितले नव्हते. वरोऱ्याच्या त्या दलालांनाही मी फक्त परिच्छेदवार उत्तर दिले होते. आणि त्या उत्तरात, दाढ काढा असे आपण त्यांना तोंडाने म्हटले होते की नाही, याचा उल्लेख मी जाणूनबुजून टाळला होता. म्हटले होते.

“मंग आता सांगा,” कवडू म्हणाला. “काढू का ठेवू?”

मला काय ठाऊक होते ते मी मनाशी जुळवले. दाढेचा कल दिसत होता. मुळे दिसत नव्हती. सहा दिवस उरले होते. सूज पुन्हा चढली तर वरच्या दाढेच्या आपटण्याने चढणार होती, हे मात्र मी पैजेवर सांगू शकलो असतो.

“ठेव,” मी म्हणालो. “निदान नाटक होईपर्यंत ठेव. खालचीला हात लावत नाही. वरची काढतो. ती पदरावर आपटायची थांबली की हा पदर सुजणार नाही, असे मला वाटते.”

पाटील प्रथमच माझ्याकडे वळले. “मंजे कसूर खालच्याचा, आन् गाव सोडाचं वरच्यानं?”

“होय.”

“मोठा न्याव आहे तुमचा.”

आयुष्यभर अन्यायाविरुद्ध पत्रे लिहिणाऱ्या माणसाने पकड उचलली. वरची दाढ सरळ मुळांची होती. तीन-चार मिनिटांत निघाली. कवडूने कापूस चावून धरला. बायजाबाईने दाढ लुगड्याच्या टोकाला बांधून घेतली. मग तिने बरोबर आणलेला शाईचा डबा पुढे सरकवला. मी सही करतो म्हणालो, तर ती म्हणाली, “सगळ्याईनं अंगठे देल्ले.” मी अंगठा दिला. माझ्या आयुष्यातील तो एकमेव आहे.

“आन् नाटकाच्या दिवशी या,” जाताना ती म्हणाली. तो स्वर निमंत्रणाचा नव्हता.

मी गेलो. बॅगेत पेनिसिलिन, पिचकारी, पकडी, कापूस, सारे होते. लहान गाडीने सिंदेवाही, पुढे बैलगाडी. दुपारी शर्यतींच्या धुळीतून मी गावात शिरलो तेव्हा शाळेच्या पडवीत कवडूच्या चेहऱ्यावर सफेदा चढत होता. मी त्याला उजेडाकडे वळवून तोंड उघडायला लावले. दोन बोटे, थोडी अधिकच. पदर फिका. त्याच्या कानांत डूल होते आणि डोक्यावर अजून केसांचा टोप नव्हता. “बस झालं का?” त्याने विचारले, “रंग पुसून राह्यला.” पाटलांनी मला पाहुण्यांच्या खुर्च्यांकडे नेले नाही. पडद्यामागे पेटीवाल्याच्या शेजारी एका पेटाऱ्यावर बसवले आणि तेथल्या माणसांना एवढेच सांगितले, “हे सांगणारे.” त्यावर कोणी काही विचारले नाही. कोणीतरी सरकून जागा केली.

रात्रभर चाललेल्या त्या नाटकाचे कथानक मला आजही सांगता येणार नाही. मी राणीच्या डाव्या गालाकडे पाहत होतो. सकाळी पडदे उतरत असताना मी पुन्हा तपासले. सूज नव्हती. बायजाबाईने गरम भात वाढला आणि म्हणाली, “जा आता भाऊ. मोकळे झाले तुमी.”

परंतु मी मोकळा झालो नव्हतो. मी ‘नाटक होईपर्यंत’ म्हटले होते. तिने ते शब्द ऐकले नसतील. मी उच्चारले होते. कलमे लिहिण्याची सवय असलेल्या माणसाला आपली अट विसरता येत नाही. पुढे काय, काढायची की नाही, हे सांगणे माझ्याकडे बाकी होते, आणि अंदाजाने दुसऱ्यांदा सांगण्याचे धैर्य माझ्याजवळ नव्हते. पंधरा दिवसांनी मी स्वतः कवडूला नागपूरला घेऊन गेलो, ज्यांच्याकडे मी हा व्यवसाय शिकलो त्या माझ्या गुरूंच्या दवाखान्यात.

चित्राची फिल्म अजून ओली होती. गुरूंनी ती खिडकीशी धरली. दाढेची दोन मुळे खाली जाऊन आतल्या बाजूस वळली होती, आणि नसेची काळसर वाट त्या दोहोंच्या मधून, अगदी कवेतून जात होती. मी जवळ जाऊन पाहिले. बायजाबाईच्या शब्दाला मान देऊन ती दाढ मी त्या दिवशी ओढली असती, तर नस मुळांबरोबरच बाहेर आली असती. ओठ परत जागा होण्याचा प्रश्नच नव्हता.

“हिला हात लावू नकोस,” गुरू म्हणाले. “पदर कापून टाक, स्वच्छ ठेवायला शिकव. झाले.” मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “चित्र नसताना ठेवलीस. चांगला अंदाज केलास.”

कवडूने फिल्म हातात घेऊन उलटसुलट पाहिली. “हा माहा जबडा?” त्याने विचारले, आणि बराच वेळ ती परत दिली नाही.

त्यानंतरही माझे संमतिपत्र नऊ कलमांचेच राहिले. ते टाकून देण्याइतका मी भोळा नाही. सहावे कलम मात्र मी पुन्हा लिहिले, चहा ओघळण्याच्या उल्लेखासह, आणि कागदाच्या डोक्यावर तीन ओळी मोकळ्या ठेवू लागलो. तेथे मी माझे मत माझ्या हाताने लिहीत असे, काढा किंवा ठेवा, आणि त्याखाली सही करीत असे. काही वेळा ते मत चुकले. चुकले तेव्हा मी त्या माणसांच्या घरी गेलो. अशा भेटींत काय बोलावे हे मला अखेरपर्यंत नीट जमले नाही, परंतु पत्र पाठवले नाही.

नागपूरहून परतताना लहान गाडीच्या डब्यात कवडू माझ्यासमोर बसला होता. नागभीड मागे पडले. पळसांची झाडे हळूहळू सरकत होती. गाडी इतकी सावकाश चाले, की बोलणे टाळायला काही निमित्त नसे. मी म्हणालो, “तुला एक सांगितले पाहिजे. त्या दिवशी मी ‘ठेव’ म्हणालो ते अंदाजाने. ही नस तेथे आहे हे मला ठाऊक नव्हते. मी ‘काढ’ही म्हणालो असतो.”

“मले मालूम होतं,” कवडू म्हणाला.

“काय मालूम होते?”

“का तुमाले मालूम नाई. तुमचा आवाज लहान झाला होता. नाटकात वाक्य इसरलेल्या माणसाचा होते तसा.”

“मग माझे ऐकलेस कशाला?”

तो म्हणाला, “माय एक म्हणे, पाटील एक म्हणे, तुमी कागद वाचा. माह्या तोंडात माही दाढ घेऊन मी एकटाच बसलो होतो जी. मंग तुमी भेत भेत सांगितलं. मले वाटलं, आता दोघं आहो.”